इम्पोर्ट न झालेली सुकेळी

“इम्पोर्टरचा स्टिकर कुठंय?” मॉलच्या परचेस मॅडमनी खोका उलटसुलट करत विचारलं.

मी टेबलाकडे बघितलं. आमचे सर छताकडे बघत होते. रॉबर्ट अंकल आम्हा दोघांकडे.

खोक्यात सुकेळी होती. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की ती होतात. रॉबर्ट अंकलची आई मोनिकाबाय उमेळ्याच्या वाडीत ती करते. केळीच्या सुक्या पानात गुंडाळायची, दोरा बांधायचा, वर लेबल: ‘मोनिकाबायची सुकेळी’. पण गिऱ्हाइकं कमी होत चालली होती. अंकलनी ठरवलं होतं, या सीझनला मॉलमध्ये जागा मिळाली नाही तर वाडी बिल्डरला.

म्हणून ते सातिवलीला आमच्या ऑफिसात आले. आम्ही रीब्रँडिंग करतो. म्हणजे माल तोच, नाव आणि कपडे नवे.

“बाय वगैरे नको. ग्लोबल पाहिजे,” सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “तू कॉन्व्हेंटची. तूच नाव काढ.”

मी ‘मोनिकाबाय’ हेच जरा मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. सर हसले. त्यांना वाटलं मी जोक करतेय. शेवटी त्यांनीच ‘कासा बनानोव्हा’ काढलं. मी काळा खोका केला, त्यावर सोनेरी अक्षरं, मागे धूसर डोंगर. उमेळ्यात डोंगर नाही.

मॉकअप, म्हणजे छापण्याआधीचा नमुना, दाखवायला मी वाडीवर गेले. मोनिकाबायनं विचारलं, “कासा म्हंजे?”

“घर. इटालियनमध्ये,” अंकल म्हणाले.

“मग त्या घरातली मान्सं येनार काय केली सोलायला?”

अंकलनी तरीही खोके छापले. आणि आता मॅडम समजावत होत्या, “परदेशातून आलेल्या खाण्याच्या पाकिटावर ते कोणी आणलं त्याचं नाव-पत्ता लागतो. त्याशिवाय मी शेल्फवर लावू शकत नाही.”

“मॅडम, हे आमच्या उमेळ्याचं आहे.”

“ते कुठल्या देशात?”

“वसईत!” अंकल जवळजवळ ओरडलेच. “मागे पत्ता छापलाय, वाचा ना!”

मॅडमनी वाचला. “अच्छा. मग इम्पोर्टेडमध्ये नाही घेता येणार. लोकल सेक्शनला जागा आहे, पण तिथे हे लोकल वाटणार नाही. सॉरी.”

अंकल खुर्चीतच खचले. मला मीटिंगमध्ये बोलता येत नाही. पण माझ्या बॅगेत खायला ठेवलेलं जुनं पाकीट होतं, पानाचं. मी ते हळूच टेबलावर सरकवलं.

मॅडमनी वास घेतला. लेबल वाचलं. “हे कोणाचं? मला अगदी असंच हवंय.”

सर श्वाससुद्धा न घेता म्हणाले, “हे आमचं फेज टू, मॅडम. हेरिटेज कन्सेप्ट.”

जागा मिळाली. वाडी या वर्षी तरी वाचली. मी जुनंच लेबल स्कॅन करून, एक डाग पुसून छापायला दिलं. सरांनी त्या डिझाइनबद्दल ऑफिसात माझं कौतुक केलं. मोनिकाबायनं नवं पाकीट हातात फिरवलं आणि म्हणाली, “येवढे दिवस काय केलंत मग?”

काळे खोके वाया गेले नाहीत. अंकल त्यात खिळे ठेवतात.

हल्ली नवा क्लायंट आला की मी आधी त्याचं जुनं पाकीट मागून घेते आणि जपून ठेवते. फेज टूला लागतं.