रौप्यमहोत्सवाचा पाहुणा

सेराआत्याचं भाषण संपलं, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेले थिएटरचे म्हातारे मालक सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. आत्या त्यांच्या हातांकडे टक लावून पाहत होती.

आमच्या ज्यू चित्रपट महोत्सवाचं हे पंचविसावं वर्ष. पहिल्या वर्षी आत्या हेच थिएटर मागायला गेली, तेव्हा हे गृहस्थ खुर्चीतून न उठता म्हणाले होते, "बाई, तुमच्या चार घरांसाठी मी पडदा उघडू? तुमची माणसं तर कधीच इस्रायलला गेली." त्या वर्षी आत्याने सिनेगॉगच्या अंगणात चादर बांधून सिनेमे दाखवले. यंदा तिने हट्टाने हेच थिएटर घेतलं, प्रमुख पाहुणे म्हणून यांनाच बोलावलं आणि खच्चून भरलेल्या सभागृहात, नाव न घेता, त्यांचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

चहाच्या वेळी ते आत्याजवळ आले. "छान बोललात. कोण हो असं म्हणालं होतं तुम्हाला?"

आत्याचा चेहरा पडला. अपमान करणारा माणूस अपमान तिथेच टाकून निघून जातो. ज्याचा होतो, तोच त्याला वर्षानुवर्षं जिवंत ठेवतो. मला वाटलं, आता ती सोडून देईल.

"तुम्हीच," आत्या शांतपणे म्हणाली. "पुढच्या वर्षीही तुम्हालाच बोलावणार आहे. आठवेपर्यंत बोलावीन."