आखणीवालीचे चौदा तडे

रोह्याच्या कॉलेजात मी संभाव्यता शिकवू लागलो तेव्हा माझं वय चोवीस होतं आणि अक्कल त्याच्या निम्मी. रविवारी पेणला मामाच्या गणपतीच्या कारखान्यात जायचो. मांजर आडवं गेलं की मामा रंगाचा डबा उघडायचा नाही. असल्या माणसाच्या हातून विघ्नहर्ता घडतो याचं मला हसू यायचं.

त्या वर्षी शाडूच्या मूर्ती तडकू लागल्या. मामाने दोष दिला डोळे आखणाऱ्या एका बाईला. ती खाडीकडच्या मिठागराच्या गावची, विधवा, दोन मुली पदरात. तिच्या हातचे डोळे पाहून गिऱ्हाईक मूर्ती ठरवायचं.

"पांढऱ्या पायाची हाय ती," मामा म्हणाला. "तिने डोळं आखलं की मूर्ती तडकते. काढून टाकतो."

"मोजून बघू," मी म्हणालो. तिला वाचवावं असं काही माझ्या मनात नव्हतं. मला मामाला चारचौघांत वेड्यात काढायचं होतं.

दोनशे मूर्तींची यादी केली. कोणी आखली, तडकली की नाही आणि कुठल्या फळीवरची, तेही लिहिलं. तिने ऐंशी आखल्या होत्या, म्हणजे पाचांत दोन. तडकल्या होत्या वीस, म्हणजे दहांत एक. दोन्ही गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर दोन्ही एकत्र घडण्याची शक्यता म्हणजे या दोन अपूर्णांकांचा गुणाकार: पंचविसांत एक. दोनशेत आठ. तिच्या हातच्या तडकल्या होत्या चौदा.

आखणाऱ्या बाकीच्या बायका काम सोडून बघत होत्या. मला मुकाट्याने यादी फाडता आली असती. पण मास्तर ना मी! "घटना स्वतंत्र नाहीत," असं ठणकावून सांगितलं. मामाला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण भाचा आपल्या बाजूने बोलला एवढं बरोबर कळलं.

"ऐकलंस ना गो? आता मास्तर पण बोलला. उद्यापासून नको येऊस."

तिने ब्रश धुतला. जाताना माझ्यासमोर थांबली. "मास्तर, माझ्या वाट्याच्या मूर्ती ओल्या होत्या. हात लावून बघितलात काय?"

मी यादीची घडी घालून खिशात टाकली. अंगठेबहाद्दर बाईने मला गणित शिकवावं?

परतीच्या गाडीत यादी पुन्हा काढली, ती स्वतःचं कौतुक करायला. कासू स्टेशनवर गाडी बराच वेळ थांबली आणि माझी नजर फळीच्या रकान्यावर गेली. मामाकडे रिवाज असा की जी आधी येईल तिने पुढच्या फळीवरच्या मूर्ती घ्यायच्या. बाकीच्या बायका आळीतल्याच, त्या आठला हजर. हिची एसटी दहाला यायची. तिच्यासाठी उरायची ती भिंतीकडची मागची फळी, जिथे मूर्ती वरून सुकायच्या आणि आत ओल राहायची. मागच्या फळीवरच्या ऐंशी मूर्तींपैकी सोळा तडकल्या होत्या, पाचांत एक. त्यांतल्या सत्तर तिने आखल्या होत्या आणि चौदा तडकल्या, म्हणजे पाचांत एकच. पुढच्या फळीवरच्या तिच्या दहांपैकी एकही नाही. तडा तिच्या हाताला नव्हता, फळीला होता. आणि फळीचा रकाना मीच माझ्या हाताने भरला होता.

पुढच्या रविवारी मामाला सांगितलं. तो म्हणाला, "आता दुसरी ठेवली." मीही फार ताणून धरलं नाही. खाडीकडची एसटी कारखान्यासमोरूनच सुटायची. मी तिच्यात कधी चढलो नाही.

नवी बाई आळीतलीच होती. पुढच्या वर्षीही मूर्ती तेवढ्याच तडकल्या. पण मागची फळी आता सगळ्यांत थोडी थोडी वाटली जात होती, त्यामुळे तडे कोणा एकीच्या नावावर पडले नाहीत. मामा खूश होता. गिऱ्हाइकांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "ह्याने गणित करून पांढरा पाय शोधून काढला."

गिऱ्हाइकांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मी हसलो आणि चहा घेतला.