विजयसिंहाचं ‘बघू की’

बावड्याच्या महिपतीआबांच्या विजयसिंहाला कुणाला ‘नाही’ म्हणून सांगता येत नसे. ट्रॅक्टर मागायला कुणी आलं की ‘पाठवतो की’ म्हणायचा आणि दिवसभर फोन बंद ठेवायचा. अंथुर्ण्याला मुलगी बघायला गेला, मनात भरली नाही, तरी पोहे दोनदा मागून खाल्ले आणि ‘कळवतो’ म्हणून उठला. तिच्या बापानं गाडी वळायच्या आत ओळखलं आणि दुसरं स्थळ बघायला घेतलं. आपल्याकडं सगळेच ओळखतात, म्हणून तर असल्या माणसांचं फावतं. गाव त्याला मोठ्या मनाचा म्हणे. मन कसलं डोंबलाचं, नुसती भीड.

एम.कॉम. होऊन हा गृहस्थ बारामतीत राजवर्धनच्या कंपनीत चिकटला. कंपनी म्हणजे पाच खुर्च्या, एक एसी आणि भिंतीवर मालकाचा सत्काराचा फोटो. तिथं शेअरबाजारासाठी एक साधन बनत होतं. गिऱ्हाइकाच्या वतीनं एआय एजंट, म्हणजे माणसाऐवजी काम बघणारं यंत्र, शेअर घेणार-विकणार. आणि आधी दिलेल्या ऑर्डरचं पुढं काय झालं, पुरी झाली, रद्द झाली की अडकली, हे ह्या साधनाला विचारणार. कसं विचारायचं आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे यंत्राला समजावणारा मजकूर विजयसिंहानं लिहायचा. तो नीट उतरला तर नोकरी कायम, नाहीतर बावड्याला परत जाऊन उसाला पाणी धरायचं. उसाचं नाव काढलं की ह्याच्या अंगावर काटा येई. नवे पांढरे बूट घेतले होते ना!

साधन बनवलं होतं प्रगतीनं. तिनं मजकूर वाचला आणि खुर्ची सरकवत त्याच्या टेबलाशी आली.

“विजूदादा, हे काय? ‘जुन्या ऑर्डरींची माहितीही शक्यतो मिळू शकेल.’ शक्यतो काय, शक्यतो? मिळत न्हाय! आजच्या ऑर्डरी आज दिसतात, दिवस बदलला की पाटी कोरी.”

“तेच लिहिलंय की, जरा गोडीनं.”

“गोडी कारखान्यात राहू द्या. सरळ लिहा, कालचं मिळत न्हाय. आणि उत्तर रिकामं आलं म्हणून ऑर्डर गेलीच नव्हती असं धरू नको, हेही ठळक लिहा.”

“अगं, पहिल्याच पानावर न्हाय-न्हाय बरं दिसतं का? पाहुणा उंबऱ्यात असतानाच साखर संपली म्हणून सांगतेस का तू?”

“हा पाहुणा चहाला येत न्हाय, दादा. त्याला तुमचं तोंड दिसत न्हाय. लिहिलंय तेवढंच त्याला कळणार.”

“बरं, घालतो की.”

त्या ‘घालतो की’चा अर्थ प्रगतीला कळला. ती राजवर्धनकडं गेली. त्यानं फोनमधून डोकं वर न काढता ‘ते बघतील की’ म्हणून तिला वाटेला लावलं. मालकही त्याच वाणाचा.

मग इंदापूरचे शेअरदलाल दादासो साधन घ्यायचं की नाही ते ठरवायला आले. सगळा सरावाचा बाजार, पैसे खोटे. पहिल्या दिवशी त्यांनी यंत्राला एका कंपनीचे शेअर घ्यायला लावले. दुसऱ्या सकाळी चहा पिता पिता यंत्राला हुकूम सोडला: कालची ऑर्डर गेली का बघ, नसेल गेली तर आता दे.

यंत्रानं विजयसिंहाचा मजकूर वाचला. साधनाला विचारलं. उत्तर रिकामं आलं. जुनी माहिती मिळते म्हटलंय आणि हिथं तर काहीच नाही, म्हणजे ऑर्डर गेलेलीच नाही, असं त्या बापड्यानं ठरवलं आणि तीच ऑर्डर दुसऱ्यांदा दिली.

“आरं, काल घेतलं हुतं की ह्यानं!” दादासोंनी कप खाली ठेवला. “खरं पैसं असतं म्हंजे गिऱ्हाईक माज्या दारात येऊन बसलं असतं. कुणी शिकवलं ह्याला?”

सगळ्यांनी विजयसिंहाकडं पाहिलं. ‘मी चुकलो’ एवढं एक वाक्य होतं. पण तेही ‘नाही’च्याच जातीचं.

“शक्यतो म्हटल्यावर… यंत्रानंबी जरा समजून घ्यायला पायजे,” तो पुटपुटला.

“मला समजलं असतं,” दादासो म्हणाले. “मी इंदापूरचा हाय. ते कुठलं हाय?”

प्रगती हसली, आणि तोंडाला रुमालही लावला नाही.

दादासो ‘कळवतो’ म्हणून गेले. राजवर्धन त्यांना गाडीपर्यंत सोडून आला आणि केबिनचं दार लावून बसला. दिवस कलता विजयसिंह भीत भीत आत गेला. “साहेब, माझं कायमचं…”

राजवर्धननं त्याला बसवलं, स्पेशल चहा मागवला, आबांची तब्येत विचारली, यंदाच्या उसाची विचारली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, “विजयसिंहराव, तुमचं बघू की.”

आजवर कधी त्यानं ‘राव’ लावलं नव्हतं. हे वाक्य समजून घ्यायला विजयसिंहाला कुणी मजकूर लिहून द्यावा लागला नाही. त्यानं चहा संपवला, टेबलावरचा डबा पिशवीत घातला आणि एसटी स्टँड गाठला. इंदापूरच्या गाडीत बसल्यावर आबांचा फोन आला.

“काय झालं रं नोकरीचं?”

“चांगलं झालं, आबा. बघू म्हणालेत.”



“बरं. मग सकाळी रानात ये, उसाला पाण्याची पाळी हाय. आणि ते पांढरं बूट घरातच ठेव.”