मामाच्या गाडीचा करार मी वाचला तेव्हा

आमच्या घरात इंग्रजीतून बी.कॉम. झालेली मी पहिलीच. काल्हेरच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर आल्या-गेल्या मालाच्या नोंदी करते. त्यासाठी लागणारे पंचवीस-तीस इंग्रजी शब्द मला पाठ आहेत. पण आमच्या गावात, वडप्यात, सगळ्यांना वाटायचं की मला इंग्रजी म्हणजे पाण्यासारखं येतं. तो समज मी कधीच मोडला नाही. मला तो आवडायचा.

माझा मामा ट्रक ड्रायव्हर. वीसेक वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. वडील गेल्यावर माझी कॉलेजची फी त्यानेच भरली. एकदा परीक्षेला उशीर होत होता, तर त्याने मला ट्रकमधून सोडलं. मैत्रिणींनी बघू नये म्हणून मी अलीकडच्या नाक्यावरच उतरले. तो फक्त पेपर नीट लिही म्हणाला.

एका रविवारी मामा आणि मामी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आमच्याकडे आले.

"बाय, दापोड्याचा एक ट्रान्सपोर्टवाला गाडी लीजवर देतोय," मामा म्हणाला. "डिपॉझिट भरायचं, मग महिन्याला हप्ता. चार वर्षांनी गाडी आपली. बँक तर मला दारात उभं करत न्हाय. जरा वाचून सांग, सही करू का?"

बारा पानं होती, बारीक अक्षरात. पहिलं पान कळलं. पुढे देणारा कोण आणि घेणारा कोण यातच माझा गोंधळ व्हायला लागला. एकेक वाक्य अर्धं पान लांब. 'मला हे कळत नाही, कोर्टाजवळ वकील बसतात त्यांना दाखवू' एवढंच म्हणायचं होतं. पण दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ओळींवरून बोट फिरवत राहिले आणि वाचायला लागेल तेवढा वेळ थांबून पान उलटत राहिले.

मामी शाळा शिकलेली नाही, पण नेमका प्रश्न तिनेच विचारला. "गाडी बिघडली तर खर्च कोणाचा?"

"मालकाचाच असणार," मी म्हटलं. "गाडी त्याच्या नावावर आहे ना."

मामाने दुसऱ्या दिवशी सही केली. घरात साठवलेलं सगळं डिपॉझिटमध्ये गेलं.

पाच महिने बरे गेले. मामा गाडी धुवायचासुद्धा स्वतः. मग कसाऱ्याच्या घाटात गिअरबॉक्स गेला. गाडी गॅरेजला उभी राहिली, आणि ट्रान्सपोर्टवाला म्हणाला की दुरुस्ती तुझी, आणि गाडी उभी असली तरी हप्ता चालूच राहणार.

मामीचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. "कागदात तसं लिवलंय का गं?"

"बघून सांगते," म्हटलं. करारावर सही होण्याआधी काढलेले त्याचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये होते. खोक्यांच्या थप्पीमागे जाऊन मी एकेक फोटो मोबाइलवर मराठीत करून बघितला. नवव्या पानावर सगळं होतं. दुरुस्ती गाडी घेणाऱ्याची. हप्ता पंधरा दिवस थकला तर गाडी परत, आणि डिपॉझिट मिळणार नाही.

मी मामीला उलट फोन केला. "नाही मामी," मी म्हणाले, "असं काही लिहिलेलं नाही."

का म्हणाले? तेव्हा वाटलं, खरं सांगितलं तर मी त्या दिवशी वाचलंच नव्हतं हे उघडं पडेल. त्यापुढचा विचारच केला नाही.

माझ्या शब्दावर मामा गावातली दोन माणसं घेऊन दापोड्याला भांडायला गेला. तिथे काय झालं ते त्या दोघांपैकी एकाने माझ्या आईला सांगितलं. ऑफिसात सात-आठ ड्रायव्हर बसले होते. मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या भाचीनं वाचलाय कागद. शिकलेली हाय ती." तिथल्या मॅनेजरने करार काढला, नववं पान हिंदीत मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाला, "भांजी को वापस स्कूल भेजो." सगळे हसले. मामाने गाडीची चावी टेबलावर ठेवली आणि तो चालत नाक्यापर्यंत आला.

आठवड्याने मी त्याच्या घरी गेले. तो ओट्यावर बसला होता. मी सगळं सांगितलं, पहिल्या दिवसाचं आणि फोनचंही.

मामा म्हणाला, "कळलं न्हाय, ते ठीक हाय. मलापण कळलं नसतं. पण तुझी मामी फोनवर इचारत होती तवा तरी सांगायचं होतंस. मी चार माणसांत तुझं नाव घेतलं." आणि उठून आत गेला. मामीने मला पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही.

डिपॉझिट बुडालं. मामा आता पुन्हा पगारावर आहे, दुसऱ्याची गाडी घेऊन वापीला जातो-येतो. दिवाळीला ते आमच्याकडे आले, जेवले. पण आता चारचौघांत तो माझ्या शिक्षणाचं काढत नाही.

गोडाऊनच्या खिडकीशी गेटपाससाठी थांबलेले ड्रायव्हर अधूनमधून विचारतात, "मॅडम, लीजवर गाडी घेऊ का?" मी सांगते, गाडी दोन महिने उभी राहिली तरी घर आणि हप्ता चालेल एवढी शिल्लक असेल तर विचार करा, आणि कागद आधी वकिलाला दाखवा. तेवढी शिल्लक नसेल तर पगाराचीच गाडी बरी. परवा एकाने विचारलं, "तुम्हाला कसं माहीत एवढं?"

"ओळखीच्या एका माणसाचं झालं होतं," मी म्हणाले, आणि त्याचा गेटपास छापायला घेतला.