हौसरावांची काकवी

हौसरावांचं नाक आमच्या भागात गाजलेलं. गुऱ्हाळाच्या काहिलीत रस उकळत आला की बाकीचे गुळवे पाण्यात गोळी करून बघत; हौसराव नुसता वास घेत आणि "उतरवा" म्हणत. चाळीस वर्षं गूळ केला, कधी चुकले नाहीत. त्याचा त्यांना ताठा होता, आणि तो आम्हीच वाढवला होता.

तीन वर्षांपूर्वी पाऊस दिवाळीनंतरही हटेना. उसाचं चिपाड वाळेना, चुलवाण पेटेना. तेव्हा त्यांनी चपलांच्या कारखान्यातलं कातरण आणलं, रबर आणि फोम. काहील झटक्यात उकळली. पुढच्या वर्षी चिपाड कडकडीत वाळलं, तरी कातरणाचा ट्रक येतच राहिला. काळा धूर शेजारच्या सुलतानबीच्या पत्र्यावर उतरायचा. मी तो रोज बघायचो आणि गुळाची ढेप घेऊन मुकाट घरी यायचो.

सुलतानबीला खोकला लागला. "मिश्रीनं झालंय," हौसराव सांगत सुटले. तसे मनानं चांगले. हंगामात दर पंधरवड्याला काकवीची बाटली स्वतः नेऊन देत. "चाची, कोमट पाण्यातनं घ्या, खोकला पळंल." म्हातारी दोन्ही हातांनी बाटली घेई.

यंदा तिला दमच पुरेना. माझ्या जीपमधून आम्ही दोघांनी तिला शिरूरला दाखवलं.

"चुलीवर स्वयंपाक करता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई, ग्यास हाय."

"मग घराजवळ काही जळतं?"

हौसराव भिंतीवरचा तक्ता वाचू लागले. सुलतानबीनं त्यांच्याकडे एकदा बघितलं. "न्हाई," ती म्हणाली. मीही तिथंच उभा होतो.

घरी आल्यावर औषधं ठेवायला हौसरावांनी तिचं कपाट उघडलं. आत काकवीच्या बाटल्या, ओळीनं, काठोकाठ भरलेल्या.

"चाची, घेतलीच न्हाई व्हय?"

"पयली घेतली रं. चपलेचा वास येतो तिला. तुझं मन कशाला मोडू?"

हौसरावांनी बूच काढून नाक लावलं. पुन्हा लावलं. त्यांचा चेहरा उतरला. "मला तर कसलाच वास येत न्हाई," ते म्हणाले आणि बाटली माझ्यापुढं धरली. "तुला येतो का रं?"

"येतो," मी म्हणालो. "आमच्या घरातल्या ढेपंलाबी येतो."

"कवापासनं?"

"तीन वर्षं झाली."

"मग बोलला का न्हाईस?"

सुलतानबी खोकत होती. मी हौसरावांच्या हातातली बाटली घेतली, बूच लावलं आणि ती कपाटात ओळीनं परत ठेवली.