दोघांकडून

शुक्रवार पेठेतल्या एका त्वचारोगाच्या दवाखान्यात मी कंपाउंडर आहे. चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला असलेला एक माणूस दर महिन्याला खाडा करून बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन यायचा. मुलीची कातडी कोरडी, खवले सुटलेली; डोक्यावर विरळ, आखूड केस. बाकावर बसून तो तिच्या एकेका बोटाला हलक्या हाताने मलम लावायचा. शेजारचं कोणी सरकून बसलं की म्हणायचा, "लागण होत न्हाय हो, बसा की." बायकोशी मात्र तो फारसं बोलत नसे. "हिच्या माहेरचंच हाय हे," एवढं मला दर वेळी सांगायचा.

परवा तपासणीचा रिपोर्ट आला. बायको मुलीला घेऊन बाहेरच थांबली होती. आत डॉक्टर माझ्यासमोरच त्याला म्हणाले, "कातडीतल्या चरबीवर काम करणारं एक एन्झाइम हिच्यात नीट बनत नाही. म्हणून कातडी सुकते, केस वाढत नाहीत. हा दोष आई-वडील दोघांकडून आलाय. एकाकडूनच आला असता, तर हिला काही झालं नसतं."

त्याने रिपोर्टची घडी करून खिशात घातली. मग बाहेर जाऊन बायकोला म्हणाला, "डाक्टर बी त्येच म्हनले. तुज्याकडनंच आलंय."

मी त्याच्या मागेच उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं.

"व्हय का, दादा?"

मी मलमाची ट्यूब तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "दिवसातून दोनदा लावा."