ग्रहणात कापलेला फोटो

शालनच्या हाताला काही झालेलं नाही, हे सगळ्या गल्लीला पाठ होतं. एक्याण्णव साली डॉक्टरने तिच्या दोन्ही पंजांचा एक्स-रे काढायला लावला. आमच्याकडे त्याला फोटोच म्हणतात. तो खिडकीकडे एकदा धरून डॉक्टर म्हणाला, "हाडं साफ आहेत. वात आहे, गोळ्या घ्या." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तो 'साफ' शब्द तिच्या मुळावर उठला. कॅम्प तीन या आमच्या वस्तीतल्या जीन्सच्या कारखान्यात ती धागे कापायची. सकाळी बोटं अशी आखडलेली असत की कात्रीत अंगठा शिरत नसे. भाकरी थापायची ती मनगटाने. सूज आंधळ्यालाही कळली असती, पण नवरा सुदाम म्हणायचा, "फोटो साफ आलाय ना? मग नाटकं कशाला?" सुदाम काही वाईट माणूस नव्हता. दारूला शिवत नव्हता, हात उगारत नव्हता. पण फोटो खरा आणि बायको खोटी! संताप येतो तो याचाच.

पंच्याण्णवच्या दिवाळीत सूर्यग्रहण आलं. बाजूच्या चाळीतली माणसं दारं लावून, पाण्यात तुळशीची पानं टाकून बसली. सुदामला चेव चढला. "आपण बौद्ध माणसं. राहू-केतू मानत नाही. उघड्यावर उभं राहून बघायचं!" काळ्या फिल्ममधून बघतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याने कपाटावरचा फोटो काढला आणि शालनच्याच कात्रीने कापायला घेतला.

"अहो, माझ्या हाताचा फोटो आहे तो!"

"त्यात आहे काय? साफ तर आहे."

तुकडे गल्लीभर वाटले. राहूच्या गोष्टीवर न बघता विश्वास ठेवायला हा गडी तयार नव्हता. डॉक्टरच्या एका शब्दावर मात्र त्याने चार वर्षं काढली होती.

पुढच्या वर्षी शालनची बोटं करंगळीच्या बाजूला कलली. तिची बहीण विठा तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो काढून उजेडाच्या काचेवर लावला. सांध्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसत होत्या.

"हा सांधे खाणारा संधिवात आहे," बाई म्हणाल्या. "जुना फोटो आणा. दोन्ही शेजारी ठेवले की रोगाचा वेग कळेल, त्यावर औषधाचा जोर ठरवू."

शालन दारोदार फिरली. एक तुकडा खिडकीच्या फुटक्या काचेच्या जागी बसवलेला होता. शेजारच्या इंदुबाईंनी आपला पुढच्या ग्रहणासाठी ट्रंकेत जपून ठेवला होता. सुदामही मान खाली घालून मागोमाग फिरला. चिकटपट्टी लावून तुकडे जोडले त्यानेच. एका करंगळीचा तुकडा काही सापडला नाही.

बाईंनी तो ठिगळांचा फोटो काचेवर लावला. बराच वेळ पाहिलं. मग मधल्या बोटाच्या मुळाशी पेन टेकवलं. तिथे हाडाच्या कडेला बारीकशी खाच होती.

"हे तेव्हाच सुरू झालं होतं. कुणी नीट पाहिलंच नाही का?"

सुदाम त्या तुकड्याकडे बघत राहिला. कापताना त्याचा एक कोपरा तिरका गेला होता, तो त्याने ओळखला. "हा माझ्याकडचा," तो पुटपुटला. "यातूनच मी ग्रहण बघितलं."

शालन जन्मात पहिल्यांदा नवऱ्यावर ओरडली, तेही भर दवाखान्यात.

"सूर्य दिसला ना तुम्हाला त्यातनं? माझा हात नाही दिसला!"